रंग जपावा की घासून काढावा?

विद्यार्थीमित्रहो, स्टेनलेस स्टीलचे पातेले रिकामेच गॅसवर राहिले, तर त्याच्या बुडाशी पिवळ्या, तांबूस, जांभळ्या आणि निळ्या रंगांची वलये उमटतात. काही मोटारसायकलींच्या सायलेन्सरची नळी इंजिनाजवळ निळसर झालेलीही तुम्ही पाहिली असेल. घरात आपण या रंगांना ‘डाग’ म्हणतो आणि चिंच, लिंबू किंवा घासणी घेऊन त्यांच्यामागे लागतो. पण नेमके हेच रंग काही कारागीर ज्योतीच्या साहाय्याने मुद्दाम उमटवतात. टेबलाचे पाय, दिव्यांच्या छत्र्या, भिंतीवरचे पत्रे यांवर ते मोठ्या हौसेने मिरवले जातात. तेथे त्यांना ‘डाग’ म्हटले तर कारागिराला राग येईल.

एकच थर एके ठिकाणी डाग ठरतो, तर दुसऱ्या ठिकाणी अलंकार. मग तो जपावा की घासून काढावा? माझे मत असे आहे की, या प्रश्नाचे उत्तर आपल्या आवडीनिवडीवर सोडून चालणार नाही. तो थर काय आहे आणि ती वस्तू कोणत्या कामासाठी आहे, या दोन गोष्टी पाहूनच ते द्यावयास हवे. आज होते ते बहुधा उलटेच. शोभेच्या दिव्यावरचा रंग घरात घासून घासून नाहीसा केला जातो आणि समुद्रकाठच्या कठड्याच्या सांध्यावरचा रंग, जो काढायलाच हवा, तो मात्र तसाच राहू दिला जातो.

रंग आहे, पण रंगद्रव्य नाही

पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळले म्हणजे त्याला ‘स्टेनलेस’ हा गुण येतो. १९१३ मध्ये इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने क्रोमियमयुक्त पोलाद ओतले, तेव्हापासून या धातूचा प्रसार होत गेला. आपल्या स्वयंपाकघरातील चांगल्या भांड्यांत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. या पोलादाच्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजनमुळे क्रोमियम ऑक्साइडचा एक पापुद्रा आपोआप तयार होतो. त्याची जाडी अवघी दोन-तीन नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हा पापुद्रा डोळ्यांना दिसत नाही, परंतु खालच्या लोखंडाला गंजापासून वाचवतो तो हाच.

पोलाद तापवले म्हणजे ऑक्साइडचा थर वाढू लागतो. स्टेनलेस स्टील हवेत तापवल्यास सुमारे २९० अंश सेल्सियसला फिकट पिवळा, ३९० अंशांच्या आसपास तपकिरी, ४५० अंशांजवळ गडद जांभळा आणि ५४० अंशांजवळ निळा रंग दिसू लागतो. साध्या पोलादावर हीच रांग बऱ्याच कमी तापमानाला, म्हणजे सुमारे २३० ते ३०० अंशांच्या दरम्यान, पुरी होते. स्टेनलेस स्टीलमधील क्रोमियम थराच्या वाढीला आवर घालते, म्हणून त्याला अधिक उष्णता लागते. अर्थात, रंग केवळ तापमानावर अवलंबून नसतो. कमी तापमानाला जास्त वेळ तापवले तरी थर जाड होतो आणि रंग पुढे सरकतो.

आता मुख्य मुद्दा. या थरात निळे किंवा जांभळे असे कोणतेही रंगद्रव्य नसते. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग दिसतात, त्याच जातीचे हे रंग आहेत. रॉबर्ट हुक याने १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात आणि न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात तापवलेल्या पोलादावरील रंगांची दखल घेतली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टॉमस यंग याने व्यतिकरणाचे तत्त्व मांडले, तेव्हा पातळ थरांच्या रंगांचा उलगडा झाला.

प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठावरून परावर्तित होतो. काही भाग थरातून खाली जाऊन धातूवरून परत येतो. दुसऱ्या किरणाला थराच्या दुप्पट जाडीइतके अंतर अधिक कापावे लागते. हे दोन तरंग एकमेकांत मिसळताना एखाद्या तरंगलांबीचा शिखर-भाग दुसऱ्याच्या दरीवर पडला, तर तो रंग नाहीसा होतो आणि उरलेले रंग आपल्याला दिसतात.

थोडे गणित करून पाहा. ऑक्साइडचा वक्रीभवनांक २.३ धरू. धातूवरील परावर्तनातील बारकावे सोडून दिले, तर जो रंग नाहीसा होतो त्याच्या तरंगलांबीला वक्रीभवनांकाच्या चौपटीने भागले म्हणजे थराची जाडी मिळते. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश नाहीसा होण्यासाठी थर सुमारे ४९ नॅनोमीटर जाड हवा. निळा गेला की उरते ते पिवळे दिसते. ६५० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश नाहीसा होण्यासाठी थर सुमारे ७१ नॅनोमीटर हवा. तांबडा गेला की उरते ते निळे दिसते. म्हणजे पिवळ्या आणि निळ्या रंगांत फरक किती? अवघा बावीस नॅनोमीटरचा! डोक्याच्या केसाची जाडी सुमारे ७०,००० नॅनोमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे आपण किती नाजूक वस्तूविषयी बोलत आहोत, याची कल्पना येईल.

घासण्याने काय होते?

भांडी घासण्याच्या भुकटीतील कण काही मायक्रोमीटर आकाराचे, म्हणजे काही हजार नॅनोमीटरचे असतात. सत्तर नॅनोमीटरच्या थरावर असा कण दाबून फिरवणे म्हणजे शेणाने सारवलेल्या अंगणात नांगर चालवण्यासारखे आहे. एकाच फेऱ्यात थर तळापर्यंत खरवडला जातो आणि तेथे चंदेरी रेघ उमटते.

येथे एक गंमत घडते. खरवडलेल्या जागी दोन-तीन नॅनोमीटरचा तो अदृश्य पापुद्रा हवेमुळे पुन्हा तयार होतो. धातूची जखम भरून निघते, पण रंग परत येत नाही, कारण रंगासाठी लागणारा जाड थर तापवल्यावाचून वाढत नाही. आणि बसवलेला दिवा किंवा टेबल घरी पुन्हा तापवणे शक्य नसते. एका जागी तापवावे, तर शेजारच्या भागाचा रंगही बदलून बसतो. म्हणून हा रंग एकदा गेला म्हणजे गेलाच, असे समजून वागावे हे बरे.

आम्लाचेही तसेच. चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर लावल्यास भांड्यावरील फिकट इंद्रधनुषी छटा पुष्कळदा निघून जातात, हा अनुभव अनेक घरांत आहे. भांड्याच्या बाबतीत ते सोयीचे आहे. शोभेच्या दिव्याच्या बाबतीत तो नाश आहे.

लॅकरचा मोह

मग या नाजूक थरावर पारदर्शक लॅकरचा किंवा व्हार्निशचा हात दिला तर? हा सल्ला सर्रास दिला जातो आणि वरवर तो शहाणपणाचाही वाटतो. परंतु लॅकर लावताच झळझळीत निळा रंग मलूल झाला, अशी तक्रार अनेक कारागीर करतात. लॅकर तर पाण्यासारखे स्वच्छ असते. मग रंग का मलूल व्हावा?

याचे उत्तर परावर्तनाच्या सूत्रात आहे. दोन माध्यमांच्या सीमेवर किती प्रकाश परावर्तित होतो, हे त्यांच्या वक्रीभवनांकांतील फरकावर अवलंबून असते. लंब पडणाऱ्या प्रकाशासाठी दोन अंकांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागावे आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करावा. हवेचा अंक १ व ऑक्साइडचा २.३ घेतल्यास उत्तर सुमारे साडेपंधरा टक्के येते. हवेऐवजी १.५ अंकाचे लॅकर घेतल्यास ते साडेचार टक्क्यांच्याही किंचित खाली येते. म्हणजे वरच्या पृष्ठावरून येणारा किरण एकदम दुबळा होतो. धातूवरून येणारा दुसरा किरण मात्र फारसा घटत नाही. कुस्तीत एक मल्ल अगदीच हलका असला तर बरोबरी सुटणार कशी? दोन तरंग एकमेकांना पुरेसे खोडू शकत नाहीत, नाहीसा व्हावयाचा रंग थोडाफार उरतोच आणि एकूण छटा फिकी पडते. त्यात लॅकरच्या स्वतःच्या पृष्ठावरून येणारा सुमारे चार टक्के पांढरा प्रकाश मिसळतो.

बोटांचे ठसे अशा रंगावर इतके उठून का दिसतात, याचेही कारण हेच. बोटांवरचा तेलकटपणा म्हणजे जागोजाग लावलेले पातळ लॅकरच होय. हे ठसे पुसून टाकले की रंग पूर्ववत होतो. तेव्हा ‘रंग उडाला’ असे म्हणण्यापूर्वी पृष्ठभाग स्वच्छ आहे ना, हे आधी पाहावे.

लॅकर कधीच लावू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या वस्तूला रोज हात लागतो किंवा दमट हवेत राहावे लागते, तिच्यावर थोडा मलूल परंतु टिकाऊ रंग पत्करणे हा व्यवहार आहे. पण तो व्यवहार डोळसपणे करावा. तसल्याच रंगाच्या निरुपयोगी तुकड्यावर आधी लावून पाहावे आणि मगच ठरवावे. दिव्याच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. उष्णतेने आणि अतिनील प्रकाशाने काही लॅकर पिवळी पडतात व त्यांचे पोपडे निघतात. अशा वेळी दोष पोलादाच्या रंगाला दिला जातो. खरे पाहता ऑक्साइडचा रंग कापडाच्या रंगाप्रमाणे उन्हाने विटत नाही, कारण विटण्याजोगे रंगद्रव्य त्यात नसतेच.

मग जपावे कसे?

जुन्या घड्याळांचे निळे काटे आणि निळे स्क्रू तुम्ही पाहिले असतील. तो निळा रंगही साधे पोलाद तापवूनच आणलेला असतो. साधे पोलाद गंजण्यात किती तरबेज! तरीही काचेआड, कोरड्या जागी, कोणाचाही हात न लागता तो रंग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. यातून जो धडा मिळतो तो असा: या रंगाला कोरडेपणा लागतो आणि आपला हात शक्य तितका दूर लागतो.

यावरून काही साध्या सूचना करता येतील. धूळ मऊ कोरड्या फडक्याने, दाब न देता झटकावी. ठसे पडल्यास कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून मऊ फडक्याने पुसावे, मग स्वच्छ पाण्याने पुसून लगेच कोरडे करावे. भुकटी, काथ्या, तारेची घासणी, आम्ल आणि कपडे पांढरे करण्याचे क्लोरीनयुक्त द्रावण यांपैकी काहीही लावू नये. मेणाचा अतिशय पातळ हात चालेल, परंतु तोही रंग किंचित मंद करतो हे ध्यानात ठेवावे. वस्तू उचलताना रंगीत भागाला न धरता कडेला किंवा बैठकीला धरावे.

टेबलाच्या पृष्ठभागाविषयी माझे मत स्पष्ट आहे. ज्यावर ताटे, पुस्तके आणि कोपरे रोज घासली जाणार, तो पृष्ठभाग ज्योतीने रंगवूच नये. रंग टेबलाच्या पायांना द्यावा, दिव्याच्या छत्रीला द्यावा. वरचा पृष्ठभागच रंगीत हवा असेल, तर त्यावर काच ठेवावी, पण ती चिकटवू नये. कोपऱ्यांत लहान गाद्या ठेवून काच आणि पोलाद यांच्यामध्ये हवेची फट राखावी. हवा राहिली म्हणजे वरच्या सीमेवरील ते साडेपंधरा टक्के परावर्तन कायम राहते, रंग झळझळीत राहतो आणि ओलही अडकून बसत नाही. काचेला लॅकरची जागा घेता येते, ती या एका फटीमुळे!

दिव्यांसंबंधी आणखी एक गोष्ट. घरातील तंतूच्या जुन्या दिव्याच्या पिवळसर प्रकाशात निळा भाग कमी असतो. त्याखाली निळी छत्री काळपट दिसते. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात तीच पुन्हा निळी दिसते. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा प्रकाश तर जवळजवळ ५८९ नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीचा असतो. त्यात हे सारे रंग नाहीसे होऊन केवळ उजळ आणि गडद पट्टे उरतात. शिवाय एलईडीची उष्णता कमी असल्याने तिच्या लगतचे लॅकरही अधिक टिकते. तेव्हा छत्रीला दोष देण्यापूर्वी तिच्यावर पडणारा प्रकाश तपासावा.

जाड थर म्हणजे मजबूत थर नव्हे

आता दुसरी बाजू. सत्तर नॅनोमीटरचा थर दोन-तीन नॅनोमीटरच्या पापुद्र्याहून पंचवीस-तीस पट जाड असतो. मग तो गंजापासून अधिक रक्षण करीत असेल, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. तापवताना क्रोमियम खालच्या धातूतून वर येऊन ऑक्साइडमध्ये जाते. त्यामुळे थराच्या लगेच खाली क्रोमियमचा तुटवडा असलेली एक पट्टी राहते, आणि रंगीत थरही त्या मूळ पापुद्र्याइतका एकसंध नसतो. खारट ओल आली की तिच्यातील क्लोराइड आयन याच दुबळ्या जागी शिरकाव करतात आणि टाचणीच्या टोकाएवढी गंजाची छिद्रे पडू लागतात.

मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यातही समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते. अशा ठिकाणी स्टेनलेस स्टीलचे कठडे व फाटके बसवली जातात. वेल्डिंगच्या सांध्याभोवती निळे-तपकिरी पट्टे उरतात आणि काही दिवसांनी तेथूनच तांबूस ओघळ सुरू होतात. मग ‘हे स्टीलच खोटे’ असे म्हटले जाते. स्टील नेहमीच खोटे नसते. सांध्यावरचा तो रंग काढलेला नसतो. कारखान्यांत तो घासून किंवा आम्लांच्या साहाय्याने काढतात आणि खाली नवा पापुद्रा बसू देतात. या कामी वापरतात त्या मिश्रणात हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते अत्यंत घातक आहे. ते काम प्रशिक्षित माणसांनीच करावयाचे, शाळेत किंवा घरी मुळीच नाही.

म्हणून माझा आग्रह असा आहे: जेथे खारे वारे, पाणी, औषधे किंवा अन्न यांचा सतत संबंध येतो, तेथे हा रंग कितीही सुंदर दिसला तरी काढून टाकावा. जेथे वस्तू कोरड्या खोलीत केवळ पाहण्यासाठी आहे, तेथे तो कितीही ‘डागा’सारखा वाटला तरी जपावा. कोणी म्हणेल की, सौंदर्याच्या बाबतीत असे नियम कशाला? पण चार वर्षांनी गंजणारा सुंदर कठडा हे सौंदर्य नव्हे. त्याला धरून उभ्या राहणाऱ्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे.

आपल्याकडे ‘चकाकी म्हणजे स्वच्छता’ ही समजूत तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर चालत आली. तेथे ती योग्यच होती. पण प्रत्येक धातूला आणि प्रत्येक थराला तोच नियम लावणे हे विचार न करता केलेले श्रम होत.

शिक्षकांना एक विनंती

व्यतिकरण शिकवताना आपण साबणाचा फुगा सांगतो आणि न्यूटनची कडी दाखवतो. फुगा क्षणात फुटतो. कडी पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. स्टेनलेस स्टीलची एक अरुंद पट्टी किंवा जुना चमचा चिमट्यात धरून शिक्षकांनी स्वतः, हवेशीर जागी, बर्नरवर एका टोकाने तापवावा. मुलामा किंवा जस्ताचा लेप असलेली वस्तू मात्र कधीही घेऊ नये, कारण तिचा धूर अपायकारक असतो. थंड झाल्यावर पट्टीवर रंगांची सारी रांग एकापुढे एक उभी राहते. निळ्या भागावर खोबरेल तेलाचा एक थेंब पसरावा. रंग मंद होईल. तेल साबणाने धुऊन पट्टी कोरडी केल्यावर तो परत येईल. आज उपाहारगृहांत दिसणारे सोनेरी स्टील बहुधा टायटॅनियम नायट्राइडच्या लेपाचे असते. तो रंग त्या पदार्थाचाच असल्याने तेलाने असा पालटत नाही. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले, तर एका तासात विद्यार्थ्यांना जे समजेल ते फळ्यावरच्या आकृतीतून क्वचितच समजते. ती पट्टी काचेच्या नळीत कोरडी ठेवली तर पुढच्या वर्गांनाही उपयोगी पडेल.

आणि विद्यार्थीमित्रहो, तुमच्यासाठीही एक काम आहे. शाळेच्या जिन्याचा कठडा, पाण्याच्या टाकीचे स्टँड, दवाखान्यातील स्टीलचे टेबल यांचे सांधे एकदा नीट पाहा. कोठे निळा पट्टा आहे, कोठे त्याच्याजवळ तांबूस ओघळ आहे, याची टिपणवही करा. सहा महिन्यांनी तेच सांधे पुन्हा पाहा आणि जे आढळेल ते वहीसह आपल्या शिक्षकांना दाखवा. ज्या सांध्यातून ओघळ वाढला असेल, त्याची दुरुस्ती वेळेवर करून घेता येईल.